नव्या मोबाइलची परीक्षा रानात घ्या

मोबाइल पारखायला मोबाइलच्या दुकानाइतकी फसवी जागा दुसरी नाही. चंद्रपूरच्या गोलबाजारातलं दुकान घ्या, नाहीतर गडचिरोलीच्या मुख्य रस्त्यावरचं. आत गारवा असतो, टॉवर जवळ असतो, फोनला दुकानाचं वायफाय जोडलेलं असतं आणि पडद्यावर कंपनीनेच भरून दिलेला रंगीत व्हिडिओ फिरत असतो. तिथे दहा हजारांचा फोन पळतो आणि तीस हजारांचाही पळतो. फरक कळतो तो पुढे. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावल्यावर, ऑगस्टमध्ये भिजलेल्या सागवानातून घरी फोन लावल्यावर, घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत महिनाभर खिशात राहिल्यावर.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत फोन घ्यायचे हंगाम ठरलेले असतात. तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली, धानाचा चुकारा खात्यात पडला, किंवा पोरगी बारावीनंतर नागपूरला शिकायला निघाली की फोनचा विषय निघतो. पैसा कष्टाचा असतो, आणि घेतलेला फोन चुकीचा निघाला तर भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाणच दीडशे किलोमीटरहून लांब पडतं. त्यातच सदोष फोन बदलून मिळण्याची मुदत थोडी असते. अनेक कंपन्या आणि ऑनलाइन विक्रेते त्यासाठी आठवडाभर, फार तर दहा दिवस देतात. नंतर दुरुस्ती होते, बदली होत नाही.

म्हणून नव्या फोनबद्दलचं पहिलं मत दुकानात ठरवू नका. ते पहिल्या आठवड्यात, आपल्या गावात, आपल्या कामावर ठरवा. त्यासाठी काय काय तपासायचं, ते क्रमाने पाहू.

दुकानाची पायरी उतरण्यापूर्वी

पहिली गोष्ट, पक्कं बिल. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ‘बिल नको असेल तर थोडं कमी करतो’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. वाचलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात, कारण बिलाशिवाय वॉरंटीचं भांडण उभंच राहत नाही. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक असलाच पाहिजे.

आयएमईआय म्हणजे फोनची १५ अंकी ओळख. डायल करायच्या जागी *#०६# दाबलं की तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकांशी अंक न अंक जुळवा. मग संदेशात इंग्रजीतली केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असं लिहून १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ ॲपमध्येही हीच तपासणी होते. उत्तरात फोन काळ्या यादीत असल्याचं किंवा क्रमांक दुसरीकडे वापरात असल्याचं आलं, तर तो फोन तिथेच परत करा. वापरलेला फोन घेणाऱ्याने तर हे केल्याशिवाय पैसे काढूच नयेत.

दुसरी गोष्ट, सर्व्हिस सेंटर. ‘गावोगावी आहे’ या उत्तरावर थांबू नका. या कंपनीचं अधिकृत केंद्र चंद्रपुरात आहे का, की थेट नागपूर गाठावं लागेल, हे नाव-पत्त्यानिशी विचारा. सिरोंच्याच्या लोकांना चंद्रपूरपेक्षा प्राणहितेच्या पुलावरून मंचेरियल जवळ पडतं. भारतात घेतलेल्या फोनची वॉरंटी साधारणपणे देशभर चालते, त्यामुळे तेलंगणातलं अधिकृत केंद्रही तुमच्या उपयोगाचं आहे. दोन फोन गुणांनी सारखे वाटत असतील, तर ज्याचं केंद्र जवळ तो घ्या. आपल्या भागात हा गुण कॅमेऱ्यापेक्षा मोठा ठरतो.

तिसरी गोष्ट, हप्ते. कर्जावर घेतलेल्या फोनमध्ये कर्ज देणाऱ्याचं ॲप टाकून दिलं जात असेल, तर ते काय करतं, हप्ता चुकला तर फोन बंद होतो का, आणि कर्ज फिटल्यावर ते निघतं का, हे सही करण्याआधी विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.

चौथी गोष्ट, खोक्यात चार्जर आहे का. आता बऱ्याच फोनसोबत नुसती केबल येते. वेगळा घ्यावा लागला तर कंपनीचा किंवा बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण असलेलाच घ्या. वीज कमी-जास्त होणाऱ्या गावात ट्रॉलीवरच्या चार्जरने नवी बॅटरी बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

गावची बस पकडण्याआधी

नव्या फोनची सुरुवातीची कामं भरपूर इंटरनेट खातात. ती एटापल्लीच्या पुढच्या गावात करायला बसलात तर दिवस जाईल आणि डेटाही. चंद्रपूर, गडचिरोली, अहेरी, आलापल्ली, वडसा, जिथे नेट धावतं तिथेच ती उरकून घ्या. ओळखीच्या घरचं वायफाय मिळालं तर उत्तम.

आधी सिस्टीम अपडेट करा. खोक्यातला फोन कारखान्यातून निघून काही महिने झालेले असतात आणि त्याच्यासाठी आलेलं अपडेट कित्येकदा एक-दोन जीबीचं असतं. अपडेट होण्याआधीच्या फोनवरून वेगाबद्दल मत बनवू नका. अपडेटनंतरही पहिले दोन दिवस फोन थोडा तापतो आणि बॅटरी लवकर उतरते, कारण आत फोटो आणि ॲप यांची मांडणी चालू असते. तिसऱ्या दिवसापासूनची बॅटरी खरी धरा.

मग जुन्या फोनमधले संपर्क, फोटो आणि व्हॉट्सॲप आणा. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक संदेश आपोआप जातो. सिममध्ये संदेश पाठवण्यापुरता बॅलन्स नसेल किंवा टॉवर डळमळीत असेल, तर गाडी तिथेच अडते. फोन बदलल्यावर पहिले चोवीस तास किंवा त्याहून जास्त काळ बऱ्याच ॲपमध्ये पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते. तेव्हा बी-बियाण्याचं किंवा कॉलेजच्या फीचं मोठं देणं असेल, त्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

नकाशा ॲपमध्ये आपल्या तालुक्याचा आणि शेजारच्या दोन तालुक्यांचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. पेरमिली ते भामरागड किंवा जिवतीच्या डोंगरावर नेट गेलं तरी रस्ता दिसत राहील.

जुना फोन लगेच विकू नका. आठवडाभर घरी ठेवा. नव्याची तुलना करायला तोच मोजपट्टी म्हणून लागेल. विकताना किंवा कोणाला देताना आधी आपलं गूगल खातं काढा आणि मग फोन पूर्ण पुसा. खातं तसंच राहिलं तर पुढच्याला तो फोन उघडता येणार नाही.

टॉवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका

आपल्याकडे फोनची खरी परीक्षा इथे होते. गडचिरोली जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे. दोन टॉवरमधलं अंतर मोठं आणि मध्ये झाडी, डोंगर, नद्या. अशा ठिकाणी कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि झाडीतून जास्त चांगल्या निभावतात.

बीएसएनएलची नवी ४जी सेवा ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते. त्यातली ७०० ची लहर म्हणजे फोनच्या भाषेत बँड २८. जिओनेही ऑगस्ट २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ घेतलं आणि ते ५जीसाठी लावलं, त्याला एन २८ म्हणतात. म्हणून फोन निवडताना कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची बँडची यादी काढा आणि ४जीच्या यादीत २८, ५जीच्या यादीत एन २८ आहे का, ते पाहा. ‘५जी’ एवढाच शब्द खोक्यावर असून भागत नाही. बँडच नसेल तर टॉवर डोळ्यांसमोर असूनही फोन मुका राहू शकतो. सिम जुनं, ३जीच्या काळातलं असेल तर तेही बदलून ४जीचं घ्या.

गावी पोचल्यावर पडद्यावरच्या काड्या मोजत बसू नका. कोणत्या जोराला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात, सिमच्या माहितीत डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास म्हणजे चांगलं, उणे ११० म्हणजे रडतखडत, उणे १२० च्या पुढे म्हणजे बोलणं तुटणार. परीक्षा अशी घ्या की एकच सिम जुन्या फोनमध्ये घालून ओसरीवर, शेताच्या बांधावर आणि गावाबाहेरच्या वळणावर आकडा लिहा. मग तेच सिम नव्या फोनमध्ये घालून त्याच जागी पुन्हा लिहा. दोन-चार अंकांचा फरक सोडून द्या. नवा फोन तिन्ही जागी दहा-पंधरा अंकांनी मागे पडत असेल, तर तो आपल्या गावाचा फोन नाही.

इथे ऋतूचं भान ठेवा. फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेली असते आणि रान विरळ असतं. पावसाळ्यात पानं दाट होतात, ओली असतात आणि लहरी शोषून घेतात. एप्रिलमध्ये बांधावर जेमतेम लागणारा फोन ऑगस्टमध्ये लागेल, असं धरून चालू नका. उन्हाळ्यात फोन घेत असाल तर उणे ११० चा आकडा नापासच समजा.

गावात एकच टॉवर आहे आणि तो दुसऱ्या कंपनीचा आहे, अशी तक्रार नेहमीची. सरकारच्या डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर बीएसएनएल, जिओ आणि एअरटेल यांच्या ग्राहकांना एकमेकांचं जाळं वापरू देण्याची सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. तुमच्या फोनला नेट मिळत नसेल तर सेटिंगमध्ये डेटा रोमिंग सुरू करून आणि नेटवर्क निवड ‘आपोआप’ ठेवून पाहा. सिम घेण्याआधी कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे टॉवरच्या पोचीचे नकाशेही बघून घ्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमामुळे ते आता सर्वांना खुले आहेत.

एक सवय लावून घ्या. रानात जिथे टॉवर येतच नाही, तिथे फोन विमान मोडवर टाका. सिग्नल अशक्त झाला की तो शोधायला फोन जास्त ताकद लावतो आणि दुपारपर्यंत बॅटरी बसते. हा फोनचा दोष नसतो, पण बाजारात त्यालाच ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणतात.

पंचेचाळीस अंशांची बॅटरी

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. पारा ४५ च्या वर जाणं इथे नवं नाही. ॲपल आणि सॅमसंग या कंपन्या मात्र आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतात. म्हणजे आपला मार्च संपला की फोन त्याच्या पुस्तिकेबाहेर जगायला लागतो.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेत वापरण्यापेक्षा उष्णतेत चार्ज करणं जास्त बाधतं. ४५ अंशांच्या वर चार्जिंग तिचं आयुष्य झपाट्याने कमी करतं, म्हणूनच चांगले फोन तापल्यावर स्वतःहून चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात, पडदा अंधारवतात आणि कॅमेरा बंद करतात. पहिल्या उन्हाळ्यात असं झालं तर घाबरून दुकानात धावू नका, फोन स्वतःला वाचवतो आहे. पण साध्या कॉलवर, सावलीत, चार्जर काढलेला असताना फोन हाताला चटका देत असेल किंवा मागचं झाकण फुगल्यासारखं वाटत असेल, तर त्याच दिवशी केंद्र गाठा.

नव्या फोनची उन्हाळी परीक्षा सोपी आहे. दुपारी सावलीत पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल करा. मग उन्हात उभे राहून पडद्यावरचा संदेश वाचता येतो का पाहा. दुकानात सगळेच पडदे उजळ दिसतात, दुपारी दोन वाजता बांधावर दिसेल तो खरा. जलद चार्जिंग हवं असेल तर ते पहाटे किंवा रात्री करा. दुपारी लावावंच लागलं तर कव्हर काढा, फोन उशीखाली किंवा टिनाच्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि चार्जिंग चालू असताना खेळ खेळू नका. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आता पुष्कळ फोनमध्ये आहे, उन्हाळ्यात ती चालू ठेवा. तापलेला फोन फ्रिजमध्ये मात्र घालू नका, आत पाणी सुटतं.

पडद्याचा वेगही तपासा. ९० किंवा १२० हर्ट्झवर पडदा मऊ सरकतो आणि बॅटरी जास्त पितो. वीज दिवसादिवसाने येणाऱ्या गावात तो ६० वर आणला तर संध्याकाळ निघते.

धूळ, चिखल, पाणी

खोक्यावर आयपी ५४, आयपी ६४, आयपी ६८ असे आकडे असतात. पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. धुळीचा ५ म्हणजे थोडी धूळ आत जाऊ शकते, ६ म्हणजे जाऊ शकत नाही. पाण्याचा ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते.

जाहिराती दुसऱ्या अंकाच्या असतात. घुग्घुस, बल्लारपूर, माजरीच्या कोळसापट्ट्यात राहणाऱ्याने आणि सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकमागे आलापल्ली-आष्टी रस्त्याने रोज जाणाऱ्याने पहिला अंक आधी पाहावा. बारीक धूळ आधी चार्जिंगच्या भोकात बसते, मग स्पीकरच्या जाळीत. चार्जर सैल लागायला लागला की लोक पोर्ट गेलं असं समजतात. बऱ्याचदा आत नुसती धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी काडीने किंवा मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने ती काढा, सुई घालू नका.

पाण्याची परीक्षा मात्र घेऊ नका. बादलीत फोन बुडवून दाखवणारे व्हिडिओ पाहून अनेकांनी फोन घालवले आहेत. आयपीची चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होते. रोवण्याच्या बांधीतला गढूळ चिखल, त्यात विरघळलेलं खत, एकदा पडून सैल झालेली कड, यातलं काहीच त्या चाचणीत नसतं. शिवाय आत पाणी गेल्यामुळे झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. रोवण्याला जाताना साधी झिपची जाड पिशवी कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाची.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. ज्या कॅमेऱ्यात हादरे सावरणारं हलतं भिंग असतं, त्याला इंजिनाची सततची थरथर बाधू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये जाहीरच सांगितलं होतं. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्यात भर घालतात. रस्ता पाहून घ्या आणि फोन खिशात ठेवा.

मेगापिक्सेल मोजू नका, कामाचा फोटो काढा

आपल्याकडे कॅमेरा हे कामाचं हत्यार झालं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि फोटोसोबत जागेची नोंद जाते. अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थ्याचा चेहरा कॅमेऱ्याने ओळखून घ्यावा लागतो. रोजगार हमीच्या कामावरची हजेरीही फोटोवर गेली. या कामांना ५० मेगापिक्सेल लागत नाहीत. लागतं ते असं: कॅमेरा चटकन उघडणं, पटकन फोकस होणं आणि फोनला आपण कुठे उभे आहोत ते नीट कळणं.

जागेची परीक्षा घ्यायची ती नेट बंद करून. नेट असताना फोन टॉवरकडून उपग्रहांची माहिती घेऊन झटकन जागा दाखवतो. नेट नसेल तर ती माहिती त्याला थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते आणि ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येते. म्हणून पहिल्यांदा एक-दोन मिनिटं लागली तर बिघाड समजू नका. मोकळ्या आभाळाखाली, विमान मोडवर, फक्त लोकेशन सुरू ठेवून ऑफलाइन नकाशा उघडा. पाच मिनिटांत निळा ठिपका तुमच्या बांधीवर आला पाहिजे. मग झाडाखाली जाऊन तो किती भरकटतो ते पाहा. जीपीएसच्या एल १ सोबत एल ५ ही लहर पकडणारे फोन झाडीत आणि डोंगराशेजारी कमी भरकटतात. सातबाराच्या दोन गटांमध्ये एक धुरा असतो, तिथे हा फरक कामाचा ठरतो.

रात्रीचा कॅमेरा तपासायचा असेल तर दिवाळीनंतरच्या मंडईत किंवा झाडीपट्टीच्या नाटकात जा. मंचावर झगझगीत दिवे, समोर काळोख आणि कर्ण्यांचा दणदणाट. अशा ठिकाणी नटाचा चेहरा पांढराफटक न होता टिपला आणि गाण्याचा आवाज न फाटता आला, तर कॅमेरा आणि माइक दोन्ही पास.

जागेबद्दल एक खुलासा. १२८ जीबीच्या फोनमधली बरीच जागा सिस्टीमच व्यापते. ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ मधले दुसरे आठ साठवणुकीतून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमइतके वेगवान नसतात. दोन फोनांची तुलना पहिल्या आकड्यावरच करा. सोबत आलेली नको ती ॲप पहिल्याच दिवशी काढून टाका आणि कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार, ते विचारून ठेवा. फोन पाच वर्षं चालवण्याचा आपला बेत असतो, अपडेट दोनच वर्षं मिळणार असतील तर पुढची तीन वर्षं यूपीआय जोखमीवर चालेल.

घरातल्या सगळ्यांचा फोन

आपल्याकडे एक फोन चार माणसं वापरतात. म्हणून परीक्षेत घरच्यांनाही घ्या. सेटिंगमध्ये भाषा मराठी करून फोन आजीच्या हातात द्या आणि तिला मुलीला कॉल लावायला सांगा. अक्षरं मोठी करावी लागली तर करा. कॉलचा आवाज चालू ट्रॅक्टरजवळ ऐकू येतो का, तेही बघा. पोरांना द्यायचा असेल तर पाहुणा प्रोफाइल किंवा ‘ॲप पिन’ची सोय शोधून ठेवा, म्हणजे खेळता खेळता बँकेत बोट जाणार नाही.

सिरोंच्यात तेलुगू आणि मुलचेऱ्यात बंगाली बोलणारी घरं आहेत, त्यांना कीबोर्ड सहज मिळतो. गोंडी आणि माडियाचं तसं नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, तरी जुन्या किंवा स्वस्त फोनवर ती अक्षरं चौकोनांसारखी दिसू शकतात. गोंडी लिपीतला एखादा संदेश मागवून पाहा. आदिवासी कार्य मंत्रालयाचं ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी रूपात आलं, त्यात गोंडी आहे, पण ती छत्तीसगडकडची. भामरागडच्या माडियासाठी दवाखान्यात किंवा तहसीलमध्ये त्याच्यावर विसंबू नका, जाणता माणूस सोबत न्या.

संकटाची तयारी

पहिल्याच दिवशी चार क्रमांक साठवा. कोणत्याही आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वाघ-बिबट-अस्वलाच्या घटनेसाठी वनविभागाचा १९२६ आणि पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाच वेळा पटापट दाबलं की आणीबाणीचा कॉल सुरू होतो. सेटिंगमध्ये ‘सुरक्षितता आणि आणीबाणी’ भागात जाऊन ते चालू आहे का बघा आणि घरच्या दोघांची नावं त्यात घाला. आपल्या सिमला टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडून ११२ लागू शकतो, म्हणून काड्या नाहीत म्हणून प्रयत्न सोडू नका.

त्याच भागात आपत्तीचे इशारे सुरू ठेवा. सरकारने २०२३ मध्ये ज्यांची चाचणी घेतली, ते मोठ्याने वाजणारे संदेश याच मार्गाने येतात. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप टाका. धानाच्या उघड्या बांधीत काम करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि वीजही जाते. तेव्हा पावसाळ्याआधी एक चांगली पॉवर बँक घेऊन ती भरून ठेवा. फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर तोही लावून पाहा, नेट गेल्यावर बातमी देणारा तोच उरतो.

आणि मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना कानात इअरफोन नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. रानात कान मोकळे हवेत. गाणी घरी ऐकता येतील.

सातव्या दिवशी

आठवडा संपताना एका कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. ओसरी, बांध आणि वळण या तिन्ही जागी टॉवरचा आकडा जुन्या फोनइतका तरी आहे का?
२. सकाळी शंभर टक्के असलेली बॅटरी, आपल्या नेहमीच्या वापरात, रात्रीच्या जेवणापर्यंत पुरते का?
३. दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का आणि कॉलवर फोन न तापता चालतो का?
४. नेट बंद असताना जागा सापडते का, आणि कामाचं ॲप न अडकता चालतं का?
५. घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला तो वापरता येतो का?

पाचही उत्तरं ‘हो’ असतील तर जाहिरातीत काय होतं नि काय नाही, याचा विचार सोडून द्या. पहिल्या किंवा चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आणखी दोन दिवस वाट पाहू नका. बिल, खोकं आणि सोबतच्या सगळ्या वस्तू घेऊन मुदतीच्या आत जा आणि आकडे लिहिलेला कागद दाखवा. ‘नेटवर्क येत नाही’ या तक्रारीला ‘तुमच्या गावातच नसेल’ हे उत्तर तयार असतं. त्याच जागी, त्याच सिमवर जुना फोन उणे ९५ आणि नवा उणे ११२ दाखवतो, याला ते उत्तर चालत नाही.

दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. फोन मुंबईच्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला असला तरी गडचिरोलीच्या माणसाला मुंबईला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी लागतं ते एकच, पहिल्या दिवशी घेतलेलं पक्कं बिल. ते प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्यासोबत ठेवा आणि त्याचा एक फोटो घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून द्या.